वर्गणी सगळ्यांची, हरकत एकाची

मागच्या अंकात कोणीतरी विचारलं होतं की युनोचं बजेट पास कोण करतं, आणि मी घाईघाईत दोन ओळींत उरकलं की १९३ देश मिळून करतात आणि शक्यतो मतदान न घेता करतात. झालं! त्या "मतदान न घेता"वर एवढे मेल आले की गॅसच्या सिलिंडरवर लिहिलं होतं तेव्हासुद्धा आले नव्हते. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळे कोणाचंच छापत नाही, फक्त गाव देतेय.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट. बिल्डिंगला बाहेरून रंग काढायचा ठराव तीन वर्षं एजीएममध्ये येतोय आणि दरवेळी भांडणात संपतोय. १९३ देशांचं बजेटवर एकमत होतं हे माझ्या तरी डोक्यात शिरत नाही. काय गौडबंगाल आहे?

उत्तर : काका, गौडबंगाल हाच शब्द बरोबर आहे, कारण एकमत होतच नाही. तुमच्या मिनिट बुकात "ठराव सर्वानुमते मंजूर" असं जे लिहिलेलं असतं ते आठवा. त्या दिवशी सगळ्यांनी हात वर केलेले असतात का? नसतात. अर्धे जण चहाची वाट बघत असतात, दोघं तिघं धुसफुसत असतात, पण उठून "माझा विरोध लिहून घ्या" असं कोणी म्हणत नाही आणि सेक्रेटरी पटकन पुढच्या विषयावर जातो. युनोतलं कन्सेन्सस, म्हणजे सहमती, अगदी हेच आहे. सगळे हो म्हणाले असं नाही, कोणी उभं राहून नाही म्हटलं नाही एवढंच. जागतिक व्यापार संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या, मूळ करारात तर हे तळटीप घालून लिहूनच ठेवलंय, की मीटिंगला हजर असलेल्या कुठल्याच सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही तर निर्णय सहमतीने झाला असं मानायचं. हजर असलेल्या, हे लक्षात ठेवा, त्याची गंमत पुढे सांगते.

फरक इतकाच की तिथे ते चहाच्या वेळेत होत नाही. युनोच्या महासभेची पाचवी समिती असते, पैशाचं सगळं तिच्याकडे. तिच्याआधी २१ जणांची एक सल्लागार समिती प्रत्येक पोस्ट, प्रत्येक प्रवासखर्च खरवडून बघते आणि जवळपास दरवर्षी काही ना काही छाटते. मग पाचव्या समितीत ऑक्टोबरपासून बंद दाराआड घासाघीस. एकेका परिच्छेदावर, कधी एकेका विशेषणावर. तिथला अलिखित नियम असा की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मिटलेला मुद्दा डिसेंबरात परत उकरला जातो. नाताळ तोंडावर येतो, लोकांची विमानाची तिकिटं काढलेली असतात, आणि मग एका रात्रीत, बऱ्याचदा पहाटे, अचानक सहमती होते. एकमत वगैरे काही नसतं हो, थकवा असतो. तुमच्या सोसायटीची एजीएम ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी ठेवून बघा, रंगाचा ठराव दहा मिनिटांत पास होईल.

प्रश्न (कोल्हापूर) : मॅडम मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. एकमत, सर्वानुमत, सहमती यात नेमका फरक काय? नोट्समध्ये सगळं एकच लिहिलंय.

उत्तर : नोट्स बदल. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत घेतलं आणि सगळ्यांचं "हो" आलं. १९२० ला सुरू झालेल्या राष्ट्रसंघात, म्हणजे लीग ऑफ नेशन्समध्ये, महत्त्वाच्या निर्णयाला हेच लागायचं, आणि तिथे कामं का अडली याची जी कारणं देतात त्यात हे एक. सहमती म्हणजे मत घेतलंच नाही, कोणी अडवलं नाही. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध निवडून येते ना, तो शब्द सगळ्यात जवळचा. बिनविरोध निवडून आलेला सरपंच सगळ्या गावाला आवडतो असं थोडंच आहे, अर्ज मागे घ्यायला लावताना काय काय झालं ते गावाला माहीत असतं.

आणि एक, पेपरात "नोंद घेतली" हा शब्दप्रयोग आला तर फसू नकोस. युनोच्या ठरावात एखाद्या अहवालाची "नोंद घेतली" म्हटलं की त्याचा अर्थ ना मान्यता ना नामंजुरी, आणि हे महासभेने २००१ मध्ये रीतसर निर्णय करून सांगून ठेवलंय! आपल्या मंत्रालयाला हे सांगायची गरज पडली नसती, आपल्याला उपजतच कळतं.

प्रश्न (सातारा) : देश एवढे लहान मोठे, मग पैसे सगळे सारखे भरतात का? भारत किती भरतो? आणि अमेरिकाच सगळं चालवते हे खरं का?

उत्तर : दादा, गणपतीची वर्गणी कशी ठरते? वाण्याकडे जास्त, बिल्डरकडे त्याहून जास्त, चाळीतल्या आजींकडून एकवीस रुपये. युनोतपण ऐपत बघूनच. देशाचं उत्पन्न बघायचं, कर्ज असेल तर त्याची सूट, माणशी उत्पन्न कमी असेल तर त्याची सूट, वर कमाल मर्यादा आणि खाली किमान. हा तक्ता दर तीन वर्षांनी बनतो. २०२५ ते २०२७ च्या तक्त्यात अमेरिका २२ टक्के आणि चीन २० टक्के, दोघांचीच वर्गणी चाळीसच्या वर गेली. भारत एक टक्क्याच्या जरासा वर. सगळ्यात खालचा दर ०.००१ टक्के, तुवालूसारखे चिमुकले देश तेवढे भरतात, म्हणजे वर्षाला ३५-३७ हजार डॉलर, तेवढ्यात ठाण्यात वन बीएचके येणार नाही. आणि मत तुवालूला पण एक, अमेरिकेला पण एक. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे, ते पुढच्या उत्तरात.

अमेरिकेचा वाटा १९४६ मध्ये जवळजवळ ४० टक्के होता, तो कमी करत करत १९७० च्या दशकात २५ वर आणला आणि २००० सालच्या डिसेंबरमध्ये २२ वर. त्या शेवटच्या वेळी मजा अशी झाली की बाकीचे देश म्हणाले आमची यंदाची बजेटं ठरून गेली, हा फरक आम्ही कुठून भरू, तेव्हा सीएनएन वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांनी स्वतःच्या खिशातून ३ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले आणि सहमती झाली. म्हणजे जगाचं बजेट एका शेटजींनी सोडवलं!

बाकी संस्थांच्या तऱ्हा वेगळ्या. टपालाची जागतिक संघटना आहे बर्नला, तिथे प्रत्येक देश आपला वर्गणीचा वर्ग स्वतः निवडतो. आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेत, उलटं, त्यांच्या सचिवालयाला सगळे सदस्य सारखी वर्गणी देतात, सिंगापूर जेवढी तेवढीच लाओस. ऐकायला समतेचं वाटतं पण त्याने काय होतं, सगळ्यात गरिबाला जेवढं झेपेल तेवढ्यावरच संस्था अडकते, सारखी वर्गणी लावलेलं मंडळ कधी मोठं होत नाही ना तसं. डब्ल्यूटीओत जागतिक व्यापारातल्या वाट्याप्रमाणे.

आणि हे बजेट म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं अवाढव्य नाही बरं का. २०२५ चं युनोचं नियमित बजेट ३.७२ अब्ज डॉलर होतं, म्हणजे ढोबळ ३२ हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी! शांतिसेनेचं बजेट वेगळं असतं, ५ अब्ज डॉलरच्या वर, ते मिळवलं तरी साधारण आपल्या महापालिकेएवढंच होतं. हे मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा शून्य चुकलं असं वाटून तीनदा केलं.

प्रश्न (पुणे) : सहमती, सामंजस्य वगैरे गोड शब्द आहेत. सरळ मतदान घ्या, बहुमत होईल ते करा. लोकशाही म्हणतात ती हीच. दोन-चार देशांचे लाड कशाला?

उत्तर : पुण्याहून आलेला प्रश्न आहे हे गाव न लिहिता पण कळलं असतं. आणि तुम्ही म्हणताय ते चार्टरमध्ये, म्हणजे युनोच्या घटनेत, लिहिलेलं आहेच, बजेट दोन तृतीयांश बहुमताने पास होतं. सगळे हजर असले तर १२९ मतं. पण आता असं बघा, तक्त्याच्या खालच्या टोकाकडचे १२९ देश एकत्र आले तर त्यांची सगळ्यांची मिळून वर्गणी अगदी किरकोळ, पण बजेट ते पास करू शकतात, आणि बिल मात्र दुसऱ्यांना जाणार. मग ज्याला बिल जातं तो काय करतो? मतदानात हरतो, गप्प बसतो, घरी जातो, आणि चेक पाठवत नाही.

आणि हे खरंच घडलंय. १९५६ ला सुवेझला आणि १९६० ला काँगोमध्ये शांतिसेना गेली (काँगोत आपले जवान पण होते), तिचा खर्च महासभेने बहुमताने सगळ्या देशांवर लावला. सोव्हिएत युनियन म्हणालं हा खर्च आम्हाला मान्यच नाही, आम्ही भरणार नाही, आणि काँगोच्या खर्चाबद्दल फ्रान्सही तेच म्हणाला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, १९६२ मध्ये नऊ विरुद्ध पाच असं मत आलं की हा संस्थेचाच खर्च आहे, म्हणजे भरायला हवा. तरी भरला नाही. आता चार्टरचं १९ वं कलम सांगतं की दोन वर्षांच्या वर्गणीएवढी थकबाकी झाली की महासभेतलं मत जातं. १९६४ पर्यंत सोव्हिएत युनियन त्या रेषेला टेकलं. अमेरिका म्हणाली मत काढून घ्या, सोव्हिएत म्हणाले काढून तर बघा, आम्ही चाललो. मग काय केलं असेल? मतदानच घेतलं नाही! १ डिसेंबर १९६४ ला अधिवेशन सुरू झालं, घानाचे अ‍ॅलेक्स क्वेसन-सॅकी अध्यक्ष, आणि जे काही करायचं ते "कोणाची हरकत नाही ना, मग झालं" अशा पद्धतीने. मत टाकलं असतं तर कोणाचं मोजायचं हा प्रश्न आला असता म्हणून मतच नको. फेब्रुवारीत अल्बेनियाने मतदान घ्याच असा हट्ट धरला तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. शेवटी ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेचे राजदूत आर्थर गोल्डबर्ग यांनी सांगून टाकलं की आम्ही १९ व्या कलमाचा आग्रह सोडतो, पण उद्या आम्हाला एखादा खर्च पटला नाही तर आम्हीही हेच करू शकतो हे ध्यानात ठेवा.

आणि त्यांनी ठेवलं हो ध्यानात. १९८५ मध्ये कॅन्ससच्या सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांनी अमेरिकन काँग्रेसमध्ये दुरुस्ती आणली की बजेटच्या बाबतीत वर्गणीच्या प्रमाणात मतं मिळत नाहीत तोपर्यंत आपण २५ च्या जागी २० टक्केच भरायचे. युनोची तिजोरी खडखडाट. मग १९८६ च्या डिसेंबरमध्ये जो तोडगा निघाला, ठराव ४१/२१३, त्यावर आजचा सगळा डोलारा उभा आहे. चार्टरला हात लावला नाही, एक देश एक मत तसंच, पण पाचव्या समितीने जास्तीत जास्त व्यापक सहमतीसाठी शक्य ते सगळे प्रयत्न करायचे असं लिहिलं. म्हणजे गरीब देशांनी आपला मताचा हक्क सोडला नाही, फक्त तो वापरायचा नाही असं ठरवलं, आणि श्रीमंतांनी पैसे भरायचं कबूल केलं. माझं मत विचाराल तर यात लाड नाहीत, व्यवहार आहे. ज्याच्याकडे मतं आहेत आणि ज्याच्याकडे पैसे आहेत ती माणसं वेगळी असली की हात मोजून भागत नाही.

मतदान अजिबात होत नाही असंही नाही. २००७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने बजेटवर मत मागितलं आणि १४२ विरुद्ध १ अशी एकटी पडली, २०२० च्या शेवटी १६८ विरुद्ध २, सोबतीला इस्रायल. म्हणजे मत मागणारा हरतोच. तरी मागतो, कारण ते मत न्यूयॉर्कसाठी नसतं, घरच्या लोकांना दाखवायला असतं.

प्रश्न (नाशिक) : माझी लेक जिनिव्हाला युनोच्या कार्यालयात तात्पुरत्या कामावर होती, काँट्रॅक्ट वाढवलं नाही, पैसे नाहीत म्हणाले. मध्ये एका हिवाळ्यात तर ऑफिसच बंद ठेवलं होतं म्हणे. बजेट मंजूर असतं तर पैसे नाहीत असं कसं होऊ शकतं?

उत्तर : ताई, लेकीचं वाचून वाईट वाटलं, आणि तिने सांगितलेलं खरं आहे. जिनिव्हाचा तो मोठा राजवाडा, पॅले दे नासियों, २०२३ च्या नाताळापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बंदच ठेवला होता, हीटिंगचे पैसे वाचवायला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला सरकते जिने बंद केले होते आणि राजदूतांच्या लाउंजमधला बार लवकर बंद व्हायला लागला, त्याची बातमी मात्र लगेच जगभर झाली.

बजेट मंजूर होणं आणि पैसे खात्यात येणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. मंडळाने पावतीपुस्तक छापलं म्हणजे वर्गणी आली असं नाही ना. जानेवारीत सगळ्या देशांना पत्र जातं, तीस दिवसांत भरा. वेळेत भरणाऱ्यांची यादी लावतात, भारत त्यात असतो बहुतेकदा, २०२५ ला आपण पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास भरले. पण अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ती नेहमीच वर्षाच्या शेवटाकडे देते, आणि २०२५ ला नियमित बजेटचा तिचा हप्ता आलाच नाही. चीन पूर्ण देतो पण अलीकडे तोही वर्ष सरत आल्यावर. आता ४२ टक्के वर्गणी ज्या दोघांकडून यायची ते दोघं उशीर करतायत म्हटल्यावर मधले दहा महिने चालवायचे कशावर? म्हणून भरती बंद, प्रवास बंद, काँट्रॅक्ट बंद. कायमच्या माणसाला हात लावणं अवघड म्हणून कुऱ्हाड तात्पुरत्यावर पडते, इथे पण आणि तिथे पण. २०२५ संपताना थकबाकी १.५७ अब्ज डॉलर होती. २०२६ साठी ३.४५ अब्जांचं बजेट पास केलं, जवळजवळ तीन हजार पदं कमी करून, आणि हो, तेही मतदान न घेता.

याच्यावर कडी म्हणजे एक जुना नियम आहे, की वर्षात जे पैसे खर्च झाले नाहीत ते सदस्यांना परत करायचे, पुढच्या वर्गणीतून वळते करून. ठीक आहे, चांगला नियम. पण खर्च का झाले नाहीत? कारण आलेच नाहीत! न आलेले पैसे खर्च झाले नाहीत म्हणून ते "उरले", आणि उरले म्हणून परत करायचे. महासचिव गुटेरेस याच्याबद्दल जाहीरपणे कितीतरी वेळा बोललेत. मग बदलत का नाहीत? बदलायला सहमती लागते. आणि परतावा मिळणाऱ्याला कशाला घाई असेल.

लेकीला सांगा की ज्या संस्थांना ऐच्छिक निधी जास्त येतो तिथेही बघ, पण तिथली गोष्ट वेगळी. डब्ल्यूएचओचंच, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचंच घ्या, ठरलेल्या वर्गणीतून वर्षानुवर्षं त्यांचा वीस टक्केच्या आत खर्च निघत आलाय, बाकी सगळा देणगीतून, आणि देणगीला चिठ्ठी चिकटवलेली असते की हे पोलिओसाठीच, हे अमक्याच देशासाठी. मंडळाला कोणी म्हटलं की माझे पन्नास हजार फक्त लायटिंगला आणि बॅनरवर फोटो माझा, तर लायटिंग झगमगणार आणि प्रसादाला पैसे नसणार. तिथे सहमतीने बजेट पास करायला १९० च्या वर देश बसतात खरे, पण खरा निर्णय चिठ्ठी लिहिणाऱ्याने आधीच केलेला असतो.

प्रश्न (वर्धा) : एकटा देश खरंच सगळं अडवू शकतो? आणि आपण कधी अडवलंय?

उत्तर : अडवलंय की, आणि विषय तुमच्या आमच्या जवळचा होता, हमीभाव आणि रेशन. २०१३ ला बालीमध्ये डब्ल्यूटीओचा व्यापार सुलभीकरणाचा करार ठरला होता, जुलै २०१४ अखेरपर्यंत जिनिव्हात त्याचा कागद पास करायचा होता. भारत म्हणाला सरकार हमीभावाने घेऊन रेशनसाठी ठेवतं त्या धान्यसाठ्याच्या प्रश्नावर आम्हाला कायमचा तोडगा मिळेपर्यंत आमच्यावर केस होणार नाही याची पक्की हमी द्या, नाहीतर आमची हरकत. तेव्हा निर्मला सीतारामन वाणिज्यमंत्री होत्या. बाहेरच्या पेपरांनी भरपूर शिव्या घातल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेशी बोलणं होऊन ती हमी मिळाली, की कायमचा तोडगा निघेपर्यंत संरक्षण राहील, आणि करार पुढे गेला. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही, कारण त्यालाही सहमती लागते! तर हरकत ही अशी चीज आहे, आपण घेतली की शेतकऱ्याचं हित आणि दुसऱ्याने घेतली की आडमुठेपणा.

आता ती "हजर असलेल्या" ची गंमत. ही डब्ल्यूटीओतली नाही, युरोपियन युनियनमधली आहे, पण युक्ती तीच. डिसेंबर २०२३, ब्रुसेल्स. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायला सत्तावीसही नेत्यांची संमती हवी आणि हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान ठाम विरोधात. तासन्‌तास चर्चा. शेवटी जर्मनीचे चॅन्सेलर शोल्झ त्यांना म्हणाले जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन येता का. ओर्बान बाहेर गेले. आतल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. ओर्बानला विरोधही करावा लागला नाही आणि होही म्हणावं लागलं नाही, दोघांची लाज राहिली. आपल्याकडे भाऊबंदकीच्या बैठकीत एखाद्या काकांना "जरा पाहुण्यांचं बघता का" म्हणून उठवतात ते हेच. मात्र त्याच रात्री पैशाचा विषय निघाला, युक्रेनला ५० अब्ज युरो, तेव्हा ओर्बान खुर्चीवरून हलले नाहीत. तो विषय १ फेब्रुवारी २०२४ ला मिटला. तत्त्वावर माणूस कॉफी प्यायला जातो, पैशावर जात नाही.

प्रश्न (परभणी) : थकबाकीदाराचं मत खरंच जातं का, की नुसतं कागदावर?

उत्तर : जातं. लहान आणि अडचणीतल्या देशांचं तर जातंच, मोठे काठावर आले की तेवढ्यापुरते भरून सुटतात. परिस्थितीच हाताबाहेरची असेल तर महासभा सूट पण देते. इराणचं मत २०२१ आणि २०२२ च्या सुरुवातीला गेलं होतं आणि तो म्हणत होता पैसे आहेत पण निर्बंधांमुळे पाठवता येत नाहीत. शेवटी दक्षिण कोरियाच्या बँकांत इराणचेच जे पैसे अडकले होते त्यातून कोरियाने १ कोटी ८० लाख डॉलर युनोला भरले आणि मत परत आलं. आपल्याकडे सोसायटीचा थकबाकीदार कमिटीवर उभा राहू शकत नाही, पण एजीएममध्ये सगळ्यात मोठ्याने तोच बोलतो. आमच्या इथले एक गृहस्थ... जाऊ दे, ते हे सदर वाचतात.

प्रश्न (वास्को, गोवा) : तुमचं मागचं सगळं वाचून सहमती म्हणजे नुसती अडवाअडवी वाटते. कुठे चांगली चाललीय का? माझी मुलगी आठवीत आहे, शाळेची ट्रिप आमच्या इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात गेली होती, तेव्हापासून घरात अंटार्क्टिका सोडून दुसरा विषय नाही.

उत्तर : मग तुम्हाला अंटार्क्टिकाचंच सांगते. आणि तुमचा हक्क पण आहे, भारताची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहूनच निघाली होती, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. तिथे कोणाचं राज्य नाही, सात देशांचे दावे आहेत, काही एकमेकांवर चढलेले. अशा जागी मतदानाने हरलेला देश उद्या बोट पाठवून स्वतःचा झेंडा रोवू शकतो, म्हणून १९५९ च्या करारापासून सगळं सहमतीनेच. आणि चाललंय, तिथे खाणकामाला बंदी आहे, लष्करी तळ नाहीत. २०२४ ला त्यांची वार्षिक बैठक आपल्याकडे कोचीला झाली.

तिथल्या समुद्रातल्या मासेमारीसाठी वेगळं मंडळ आहे, टास्मानियात होबार्टला, भारतही सदस्य. रॉस समुद्रात मोठं अभयारण्य करायचा प्रस्ताव अमेरिका आणि न्यूझीलंडने आणला, तर वर्षानुवर्षं हरकत. पहिले चीन आणि रशिया दोघं, मग २०१५ ला चीन मानला, मग रशिया एकटा. शेवटी ऑक्टोबर २०१६ मध्ये रशियाही मानला आणि साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. फुकट नाही झालं. हद्द बदलली, एका भागात संशोधनाच्या नावाने क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, पकडायला सूट ठेवली. आणि मुदत घातली. पूर्व अंटार्क्टिकाचा तसाच प्रस्ताव अजून लटकलेला आहे, आणि क्रिलची मासेमारी एकाच भागात गर्दी करू नये म्हणून जो नियम होता तो २०२४ ला संपला, नव्यावर सहमती झाली नाही म्हणून. त्यामुळे चांगली चाललीय असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. पण मतदान घेऊन ते अभयारण्य केलं असतं तर ज्या बोटींना थांबवायचं होतं त्याच बोटी नियमाच्या बाहेर असत्या.

ती मुदत ३५ वर्षांची आहे, २०१७ च्या डिसेंबरपासून. म्हणजे २०५२ ला सगळे परत होबार्टला बसणार आणि अभयारण्य पुढे चालू ठेवायचं तर परत सगळ्यांची सहमती लागणार. तुमची मुलगी तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. भारताच्या पाटीमागे बसलेली दिसली तर मला नक्की कळवा, आणि तिला सांगा, कोणी कॉफीला बोलावलं तर उठायचं नाही.